सांजवेळेचा गायक : राजकवी भा. रा. तांबे

कालिदासाच्या यक्षाने मेघाला वाट वाकडी करून उज्जयिनीला जायला सांगितले आणि महाकालाची सायंपूजा होईपर्यंत तेथे थांबण्याची विनंती केली. हा यक्ष कोणी राजपुत्र नव्हता. धन्याच्या चाकरीत कसूर झाली म्हणून वर्षभर घरापासून, पत्नीपासून दूर धाडला गेलेला तो एक सेवक होता. चाकरीपायी ताटातूट, ताटातुटीतून गाणे आणि त्या गाण्याला संध्याकाळची वेळ, असा हा संबंध माळव्याच्या मातीत फार जुना आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तोच संबंध मराठी गीतात ज्यांनी पुन्हा जुळवला, ते राजकवी भास्कर रामचंद्र तांबे.

तांब्यांचे नाव उच्चारताच मराठी वाचकाच्या मनात ग्वाल्हेर येते, आणि ते योग्यच आहे. पण त्यांचे आयुष्य एका शहरात मावणारे नव्हते. मुंगावली, झाशी, देवास, इंदूर, लष्कर अशी त्यांच्या मुक्कामांची मालिका आहे. उज्जैन त्या काळी ग्वाल्हेर संस्थानातील एक प्रमुख शहर होते. त्यामुळे तांबे ग्वाल्हेरचे राजकवी झाले तेव्हा क्षिप्रेच्या काठावरील मराठी माणसांचेही ते राजकवी झाले. महाराष्ट्रापासून शेकडो मैलांवर, हिंदी मुलखात राहून, मराठी भावगीताला त्यांनी जे वळण दिले, त्याचा हा आलेख आहे.

मुलूख आणि माणसे

अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांबरोबर मराठी माणूस माळव्यात आला. उज्जैन हे शिंद्यांचे ठाणे झाले. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. पुढे १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला, त्या छावणीचे लष्कर शहर झाले आणि राजधानीचा मान उज्जैनकडून तिकडे गेला. सरदार गेले, फौज गेली. मागे राहिली ती साधी घरे. कोणी कारकून, कोणी शाळामास्तर, कोणी भिक्षुक, कोणी खालसा झालेल्या शिलेदारीची आठवण सांगणारा. पुढे कापसाचा व्यापार वाढला, हिरा मिल, विनोद मिल अशा गिरण्या उभ्या राहिल्या, आणि भोंग्याच्या आवाजावर घड्याळ लावणारी वस्ती त्यांत मिसळली.

माळव्यातील आणि मध्य हिंदुस्थानातील लहानमोठ्या संस्थानी गावांचे रूप थोडेबहुत असेच होते. पगार तुटपुंजा, बदली केव्हाही, आणि धन्याची मर्जी फिरली तर नोकरीही जाणार. घरात मराठी, रस्त्यावर माळवी किंवा बुंदेली, कचेरीत उर्दूमिश्रित हिंदी आणि वरिष्ठांशी इंग्रजी, अशा चार भाषांत माणसांचा दिवस उगवत-मावळत असे. मोठी स्वप्ने पाहायला येथे जागा होती. ती फळाला आणायला मात्र फारशी नव्हती. तांबे याच माणसांमध्ये जन्मले, वाढले आणि त्यांच्यातीलच एक होऊन जगले. त्यांच्या गीतांतील विझत्या स्वप्नांचा आणि न विझणाऱ्या प्रेमाचा उगम शोधायचा तर तो या जीवनातच शोधावा लागतो.

अपुरे राहिलेले शिक्षण

तांब्यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८७३ रोजी ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावली या गावी झाला. आज हे गाव मध्य प्रदेशाच्या अशोकनगर जिल्ह्यात मोडते. त्यांचे शिक्षण झाशी आणि देवास येथे झाले. झाशी हे नाव मराठी मनाला १८५७ पासून चटका लावणारे. राणी लक्ष्मीबाईंचे वडील मोरोपंत तांबे. म्हणजे राणीच्या माहेरचे आणि कवीचे आडनाव एकच. तांबे शिकत होते तेव्हा त्या रणसंग्रामाला पुरती चाळीस वर्षेही लोटली नव्हती. प्रत्यक्ष पाहिलेल्यांच्या तोंडून त्या आठवणी ऐकायला मिळाव्यात असा तो काळ होता. पुढे ‘झाशीवाली’ ही कविता त्यांनी लिहिली. ग्वाल्हेरजवळ जेथे राणीचा देह पडला त्या जागेपाशी वाटसरूने थांबावे, दोन आसवे ढाळावीत, एवढेच मागणे मागणारी ही कविता पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुखी राहिली. पराक्रमाचे गीत रचतानाही कवीची नजर विझलेल्या ज्योतीवर खिळली होती, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

देवास ही तर एक नवलाची नगरी होती. एकाच गावात पवारांच्या दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन दरबार, दोन कारभार. आणि दोहोंवर चामुंडेच्या टेकडीची एकच सावली. उज्जैनपासून दहा-बारा कोसांवरील या गावात तांब्यांच्या तारुण्याचा आरंभ झाला. डोळ्यांच्या जुलमाविषयीचे त्यांचे प्रसिद्ध प्रेमगीत १८९१ मधील, म्हणजे त्यांच्या अवघ्या अठराव्या वर्षातील आहे. विद्यार्थिदशेतील या गीतात शब्दांची जी लाडिक लय सापडते, ती पुढे पन्नास वर्षे त्यांच्या लेखणीला सोडून गेली नाही.

१८९३ मध्ये अलाहाबाद विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा ते उत्तीर्ण झाले. पुढचे शिक्षण मात्र परिस्थितीमुळे पूर्ण होऊ शकले नाही. इंग्रजी काव्याची गोडी लागलेल्या, संस्कृतात रमणाऱ्या, तल्लख बुद्धीच्या तरुणाला महाविद्यालयाचे दार बंद व्हावे, हा त्या काळातील अनेक मराठी घरांचा अनुभव होता. तांब्यांनी त्याबद्दल कवितेतून तक्रार मांडली नाही. जे अध्यापकांकडून मिळायचे राहिले, ते त्यांनी ग्रंथांतून मिळवले. टेनिसन आणि ब्राउनिंग, जयदेव आणि कालिदास, पुढे रवींद्रनाथ, अशी त्यांच्या वाचनाची व्याप्ती होती. औपचारिक शिक्षण तुटलेला माणूस केवळ वाचनाच्या बळावर केवढी उंची गाठू शकतो, याचे तांबे हे उदाहरण आहे. एखाद्या ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने ते आवर्जून स्मरावे असे आहे.

संस्थानी चाकरी

पुढील आयुष्य संस्थानांच्या नोकरीत गेले. देवासला युवराजांचे शिक्षक म्हणून त्यांनी काम केले. त्यानंतर इंदूर, ग्वाल्हेर आणि मध्य हिंदुस्थानातील इतर संस्थाने यांतून शिक्षक, अंमलदार, कारभारी अशा निरनिराळ्या नात्यांनी त्यांचा संचार झाला. ऐकायला ही पदे भारदस्त वाटतात. पण लहान संस्थानातील चाकरीला पाया असा नसे. राजा बदलला की माणसे बदलत, रेसिडेन्सीचा कटाक्ष फिरला की कारभार फिरे. आज ज्याच्या दारी अर्जदारांची रीघ लागे, उद्या त्याच्याकडे कोणी फिरकत नसे. उगवत्याला नमस्कार करणारे जग तांब्यांनी दरबारांच्या ओसरीवर बसून पाहिले होते.

या फिरतीचा त्यांच्या कवितेवर दुहेरी परिणाम झाला. एकीकडे पुण्या-मुंबईच्या वाङ्मयीन वर्तुळापासून ते दूर राहिले. केशवसुतांनी मराठी कवितेत जी क्रांती केली तिचे पडसाद माळव्यात येऊन पोहोचत होते; पण तांबे कोणाच्या पंथात सामील झाले नाहीत. दुसरीकडे, महाराष्ट्रातील कवीला सहज न लाभणारी एक श्रीमंती त्यांच्या वाट्याला आली. ग्वाल्हेर ही ख्यालगायकीची गंगोत्री. हद्दू-हस्सूखाँचा वारसा मराठी गवयांनी तेथे घरोघर जपला होता. ठुमरी, दादरा, होरी, माळवी लोकगीते हे सारे कानांवर पडत होते. तांब्यांच्या गीतांतील शब्द आधी सुरात बसतो आणि मग कागदावर उतरतो असे वाटते, त्याचे मूळ येथे आहे. आपल्या अनेक रचनांवर त्यांनी राग आणि ताल नोंदवून ठेवले आहेत. ते कवितेला गीत समजत. गाता न येणारी कविता त्यांच्या लेखी अर्धीच होती, असे त्यांचा संग्रह चाळताना कोणालाही जाणवते.

तांबे चाकरी करत, लिहित, आणि लिहिलेले बाजूला ठेवत. कविता मित्रांच्या वह्यांतून, मासिकांच्या पानांतून विखुरत गेल्या. वयाची सेहेचाळीस वर्षे उलटेपर्यंत त्यांच्या नावावर एकही संग्रह नव्हता. १९२० मध्ये कवी वासुदेव गोविंद मायदेव यांनी ‘तांबे यांची कविता’ हा पहिला भाग संपादून प्रसिद्ध केला आणि महाराष्ट्राला आपल्या सीमेपलीकडे राहणाऱ्या एका थोर गीतकाराचा खऱ्या अर्थाने परिचय झाला. दुसरा भाग १९२७ मध्ये दि. गं. केळकर, म्हणजेच कवी अज्ञातवासी, यांच्या संपादनाखाली निघाला. जुन्या दिव्यांपासून दरवाजांपर्यंत नाना वस्तू जमवून पुण्याला संग्रहालय उभारणारे केळकर ते हेच. १९३५ मध्ये माधव जूलियन यांनी ‘तांबे यांची समग्र कविता’ सिद्ध केली. कवीचे विखुरलेले धन दुसऱ्यांनी मायेने गोळा केले, हा तांब्यांच्या चरित्रातील एक हृद्य भाग आहे.

प्रेमाची साक्ष

तांब्यांची प्रेमगीते बहुधा तारुण्याच्या उन्मादापाशी थांबत नाहीत. त्यांतील प्रेम संसारात मुरलेले असते. तिन्हीसांजेच्या साक्षीने पत्नीचा हात हाती घेऊन आपल्या प्रेमाची ग्वाही देणारे त्यांचे गीत याचा उत्तम नमुना आहे. दिवस आणि रात्र जेथे भेटतात त्या क्षणी तो पुरुष वचन देतो. आकाश, उजेड, काळोख या सर्वांना तो साक्षीदार करतो. त्याच्याकडे द्यायला दागिने नाहीत, जहागीर नाही. आहे ते केवळ वचन. ज्यांना आयुष्यात दुसरे फारसे काही देता आले नाही अशा असंख्य नवऱ्यांच्या मनातील बोल या गीताने उच्चारले, आणि म्हणूनच ते माजघरापर्यंत पोहोचले.

स्त्रीच्या मनाचा ठाव घेणे हे तांब्यांचे दुसरे बळ. त्यांच्या गीतांत राण्या थोड्या. पाण्याला जाणाऱ्या, दुधाचा घट घेऊन निघालेल्या, तान्ह्याला निजवणाऱ्या, वाट पाहणाऱ्या स्त्रियाच अधिक. एका गीतात पाणवठ्यावरून सगळ्याजणी घागरी भरून घरी परततात आणि एकटीचा घट रिकामाच राहतो. ती कोणाची वाट पाहते, तिचे काय हरवले, हे कवी सांगत नाही. रिकामा घट मात्र मनातून जात नाही. माळव्यातील कोणत्याही गावाच्या नदीकाठी, क्षिप्रेच्या घाटावरही, दिसू शकेल असे हे दृश्य. तांब्यांनी त्याला न बोललेल्या दुःखाचे रूप दिले.

‘हिंदू विधवेचे मन’ यांसारख्या कवितेत तर त्यांनी त्या काळच्या घराघरातील अव्यक्त वेदनेला वाचा फोडली. विधवेला समाजाने प्रेम करण्याचा अधिकार नाकारला होता. स्मरणाचा अधिकार मात्र तिच्यापासून कोणी हिरावू शकत नव्हते. सुधारकांनी जे निबंधांतून आणि व्याख्यानांतून मांडले, ते तांब्यांनी एका मनाच्या आत शिरून दाखवले. मनाला लागलेल्या ज्या कळा आईबापांनाही उमगत नाहीत आणि जोडीदारालाही सांगता येत नाहीत, त्यांवरचे त्यांचे गीत याच जातीचे आहे. माणसांनी भरलेल्या घरात एखादे माणूस किती एकटे असू शकते, हे मराठी गीताने इतक्या साध्या शब्दांत क्वचितच सांगितले असेल.

हे साधण्यासाठी त्यांनी जो काव्यप्रकार घडवला त्याला नाट्यगीत असे नाव आहे. नाट्यगीतात कवी स्वतः बोलत नाही. एक पात्र, आयुष्यातील एका निकराच्या क्षणी, दुसऱ्या कोणाला उद्देशून बोलते; ऐकणाऱ्याचे उत्तर छापलेले नसते, ते वाचकाने ओळखायचे असते. ब्राउनिंगच्या कवितेतून या प्रकाराची प्रेरणा मिळाली असली तरी तांब्यांनी त्याला गवळण, विराणी आणि ठुमरी यांच्या कुळात आणून बसवले. त्यामुळे परका साचा परका राहिला नाही. मराठीत नाट्यगीताची प्रतिष्ठा तांब्यांपासून आहे हे समीक्षकांनी एकमुखाने मान्य केले आहे.

मरणाशी सलगी

पन्नाशीच्या आसपास तांब्यांच्या गीतांत मृत्यूचे सूर स्पष्ट होऊ लागतात. या भयंकर पाहुण्याकडे त्यांनी पाहिले ते मात्र आप्ताच्या डोळ्यांनी. ‘नववधू’ या गीतात सासरी निघालेली मुलगी दारात अडखळते. पतीची ओढ आहे, आणि माहेर सोडवत नाही. हा पती म्हणजे परमेश्वर, सासर म्हणजे परलोक आणि माहेर म्हणजे हे जग, असा अर्थ हळूहळू उलगडत जातो. मराठी घरात लेकीची पाठवणी ज्याने पाहिली आहे त्याला हे रूपक समजावून सांगावे लागत नाही. मरणाची भीती घालवायला तांब्यांनी तत्त्वज्ञान आणले नाही, उंबरठा आणला.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे आपण गेल्यावर जग काय करील याचा हिशेब मांडणारे त्यांचे गीत. लोक क्षणभर हळहळतील आणि आपापल्या कामाला लागतील. सूर्य उगवेल, पिके डोलतील, बाजार भरतील, कोणाचे काही अडणार नाही. या गीताची रचना १९२०च्या दशकाच्या आरंभीची. त्यात कडवटपणा नाही असे म्हणणे धाडसाचे होईल. पण त्या कडवटपणाच्या तळाशी एक सुटकाही आहे. जग अडत नाही म्हणून जाणाऱ्यालाही अडकून राहण्याचे कारण नाही. कचेरीतील खुर्ची रिकामी झाली की दुसऱ्या दिवशी तीवर दुसरा बसतो, हे जाणणाऱ्या नोकरदार माणसाचे हे शहाणपण आहे.

‘रिकामे मधुघट’ हे गीत तांब्यांच्या साठीच्या सुमारचे. कोणी जिवलग मध मागतो आहे, आणि घट रिते झाले आहेत. एके काळी मुक्तहस्ते वाटला तो रस आता उरला नाही. देवपूजेपुरती चार फुले हाती आहेत. संध्याकाळ झाली, पैलतीर दिसू लागला. मागणाऱ्यावर कवी रागावत नाही, स्वतःची कीवही करत नाही. देणे संपले, माया संपली नाही, एवढेच तो विनवून सांगतो. स्वप्ने विटली तरी स्नेह विटत नाही हा त्यांच्या समग्र काव्याचा आशय या एका गीतात उतरला आहे. कष्ट करून थकलेला बाप, नोकरीतून निवृत्त झालेला मास्तर, गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेला कामगार, यांपैकी कोणाच्याही मनात मुलांपुढे हेच शब्द येऊ शकतील. आणि ते आले की माणूस तांब्यांच्या गीताचा आधार घेतो.

१९३५ मधील मावळत्या सूर्यावरील गीतात दरबारांच्या ओसरीवरील जुना अनुभव अखेर बोलका झाला. जो जाण्याच्या वाटेवर आहे त्याच्याकडे जग पाठ फिरवते. कवी मात्र त्यालाच ओंजळ भरून अर्घ्य देतो. शालेय पुस्तकांतून सर्वांना ठाऊक झालेली ‘सायंकाळची शोभा’ ही बालकांसाठीची कविता याच कवीची. तिच्यातील कोवळे ऊन आणि या गीतातील मावळता बिंब यांच्यामध्ये एक संपूर्ण आयुष्य उभे आहे. संध्याकाळ तीच, पाहणारे डोळे तेच. बदलले ते केवळ वय.

मान आणि मतभेद

पहिल्या संग्रहानंतर मानसन्मान आपणहून चालत आले. १९२६ मध्ये इंदूर येथे भरलेल्या मध्यभारतीय कविसंमेलनाचे अध्यक्षपद आणि १९३२ मध्ये कोल्हापूरच्या साहित्यसंमेलनातील कविसंमेलनाचे अध्यक्षपद तांब्यांना लाभले. १९३७ मध्ये ग्वाल्हेर दरबाराने त्यांना राजकवी म्हणून गौरविले. रविकिरण मंडळातील कवींना ते वडीलधारे वाटत. गोव्याच्या बा. भ. बोरकरांनी तर त्यांना गुरुस्थानी मानले, आणि तरुण कुसुमाग्रजांच्या आरंभीच्या रचनेवरही तांब्यांच्या लयीची छाया आहे. माळव्यात लागलेले रोप असे कोकणात आणि गोदाकाठी बहरले.

तांब्यांवर आक्षेपही घेतले गेले. त्यांच्या कवितेत गोडवा फार, संघर्ष थोडा. तेच घट, तेच मधु, तेच पैलतीर. काळ पेटलेला असताना कवी चांदण्यात रमला, असे म्हणणारे रसिक होते. १९४७ मध्ये मर्ढेकरांची ‘काही कविता’ आली आणि मराठी कवितेची भाषाच पालटली. गिरणगावातील माणूस अण्णा भाऊ साठ्यांच्या छकडीत आपली गावी राहिलेली मैना शोधू लागला. १९६२ मध्ये नारायण सुर्व्यांच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ने कामगाराला स्वतःचा आवाज दिला. त्या आवाजापुढे तांब्यांचे गीत मवाळ वाटले तर नवल नाही. भाकरीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही, हे खरेच आहे.

तरीही हा आक्षेप पुरा पडत नाही. भाकरीसाठी घर सोडणाऱ्याला घराची आठवण येते, आणि ती आठवण हा त्याच्या जगण्याचा तेवढाच खरा भाग असतो. सुर्व्यांचा कामगार दिवसा जे बोलतो ते एक सत्य. तोच रात्री पाळणा हलवताना जे गुणगुणतो ते दुसरे. तांबे या दुसऱ्या सत्याचे कवी होते. त्यांचे मोठेपण मान्य करताना त्यांची मर्यादाही तेथेच आखता येते, आणि त्यामुळे त्यांच्यावर अन्याय होत नाही.

सुरांतून उरलेला कवी

७ डिसेंबर १९४१ रोजी ग्वाल्हेर येथे तांब्यांचे निधन झाले. साडेसहा वर्षांनी, १९४८ मध्ये, ग्वाल्हेर, इंदूर, देवास आदी संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. दरबार गेले, राजकवी ही पदवी इतिहासजमा झाली. मराठी कुटुंबांचा जुना आधार तुटला. मुले हिंदी शाळांतून शिकू लागली. तांब्यांची कविता ज्या वातावरणात फुलली ते वातावरणच असे मावळले. तिचेही विस्मरण झाले असते तर ते जगाच्या रीतीला धरूनच झाले असते. त्यांनी स्वतःच तसे भाकीत केले होते.

घडले ते वेगळे. ज्या गीतांना त्यांनी राग-ताल देऊन ठेवले होते त्यांना गळे मिळाले. १९२९ मध्ये इंदुरात जन्मलेल्या लता मंगेशकरांनी वसंत प्रभूंच्या चालीत रिकाम्या मधुघटांचे गीत गायिले, आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत तिन्हीसांजेचे व मावळत्या सूर्याचे. ध्वनिमुद्रिका आणि नभोवाणी यांच्या द्वारे ही गीते, ज्यांनी कवितेचे पुस्तक कधी उघडले नव्हते अशा घरांतही शिरली. १९५५ मध्ये इंदूरला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. वाचनालयाची वर्गणी न परवडणाऱ्या घरातही शेजारच्या रेडिओवरून तांबे ऐकू येऊ लागले. कवीचे नाव ठाऊक नसलेल्या कित्येकांना त्यांचे शब्द पाठ झाले, आणि गीतकाराला याहून मोठा मान नसतो.

दुसरा योग देवासला आला. क्षयाने गाठलेले कुमार गंधर्व १९४८च्या सुमारास हवापालटासाठी माळव्यात आले आणि देवासलाच राहिले. आजारपणात गाणे बंद असताना माळवी लोकगीते ऐकत त्यांनी संगीताचा नव्याने विचार केला. ज्या गावात तांब्यांनी अठराव्या वर्षी प्रेमगीत लिहिले, त्याच गावात राहून कुमारांनी पुढे ‘तांबे गीतरजनी’ हा कार्यक्रम सिद्ध केला. कवीच्या शब्दांत दडलेली माळव्याची हवा माळव्यातच श्वास घेणाऱ्या गायकाने ओळखली. १९९२ मध्ये कुमारांचेही देवासलाच देहावसान झाले. चामुंडेच्या टेकडीच्या पायथ्याशी मराठी गीताचे दोन धागे असे एकत्र गुंफले गेले.

उज्जैनच्या गिरण्यांचे भोंगे केव्हाच थांबले. संस्थाने गेली, दरबारी पागोटी गेली, जुन्या वाड्यांच्या जागी नवी घरे आली. परमुलखातील मराठी समाजाने शंभर वर्षांत पुष्कळ गमावले आणि थोडेच राखले. जे राखले त्यात जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांतील ‘तांबे यांची समग्र कविता’ आहे. वय वाढलेला वाचक ती पाने उलटतो तेव्हा त्याला स्वतःची फसलेली स्वप्ने आठवतात, आणि त्यांच्यासह, त्यांच्याहून टिकाऊ ठरलेली काही माणसेही. घट रिकामे झाल्याची कबुली देणाऱ्या या कवीने मराठी माणसाला शेवटपर्यंत पुरेल एवढा ठेवा मागे ठेवला आहे.